मेट्रोचे खांब उभे, गाडीचा पत्ता नाही: या उशिराचा जाब कोणाला विचारायचा?

पऱ्हाटी (कळंब, जि. यवतमाळ) | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

कापसाचा पहिला वेचा घरी आणला आणि आठ दिवस पुण्याला लेकीकडे जाऊन आलो. पोरगी हिंजवडीत एका कंपनीत आहे, राहते बाणेरला. तिच्या गॅलरीतून मेट्रोचे खांब दिसतात. खांबावर पूल आहे, पुलाखाली स्टेशनच्या जिन्याचं काम चालू आहे. गाडी नाही.

गॅलरीत तिने तुळस लावली आहे. आपल्या अंगणातल्याच मंजुळा नेल्या होत्या. संध्याकाळी कामावरून आली की आधी ओलं फडकं घेऊन त्या तुळशीचं एकेक पान पुसते. मी विचारलं, हे काय? म्हणाली, बाबा, नाही पुसलं तर दोन दिवसांत पानं सिमेंटसारखी राखाडी होतात. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. बोटावर पांढरट थर आला. आपल्या पांदणीची धूळ पावसाने धुऊन जाते. ही चिकटून बसते.

सकाळी ती साडेआठला निघते. दहा-बारा किलोमीटरला सव्वा तास. दुपट्टा तोंडाला बांधून, हेल्मेट घालून, स्कुटीवर. परत यायला त्याहून जास्त.

ही लाईन हिंजवडी ते शिवाजीनगर, २३.३ किलोमीटर, २३ स्टेशनं. भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. प्रत्यक्ष कामाची मुदत नोव्हेंबर २०२१ पासून चाळीस महिने, म्हणजे मार्च २०२५. मार्च गेला, मग सप्टेंबर सांगितला, तोही गेला. दोन वर्षांपूर्वी तिने हे घर भाड्याने घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, "स्टेशन समोर आहे मॅडम, म्हणून भाडं जास्त." त्या जास्तीच्या डिपॉझिटला मी वीस क्विंटल सोयाबीन मोडलं, भाव नसताना. म्हणजे पुण्यातल्या मेट्रोचा उशीर माझ्या कळंबच्या कोठीतून वजा झाला. मी त्या गाडीत आयुष्यात चारदा बसेन. पण भुर्दंड भरणाऱ्यांत मीही आहे.

आता विचारायचं ते असं. तुमच्या घरचं कोणी अशा कामात अडकलं आहे का? आणि काम लांबलं तर आपल्यासारख्या माणसाने जाब कोणाला विचारायचा, कसा विचारायचा? मनापासून विचारतो आहे.

वऱ्हाडी_मिरची (दारव्हा) | रात्री ९:५८

भाऊ, पोरीचा तरास समजला, पण कळंबले बसून पुण्याच्या मेट्रोची काळजी कायले? आपली वर्धा–यवतमाळ–नांदेड २००८-०९ ले मंजूर झाली. मी तवा बारावीले होतो. आता माहा पोरगा पाचवीत हाय. आमच्या दारव्ह्याले अजूक या लाईनीच्या गाडीची शिटी ऐकू नाही आली.

पऱ्हाटी | रात्री १०:०५

मिरचीभाऊ, तुझं दुखणं खरं आहे. आमच्या कळंबला २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याची गाडी सुरू झाली. देवळी, भिडी, कळंब, एवढाच तुकडा. २८४ किलोमीटरच्या मार्गातला हा सुरुवातीचा घास. पहिल्या दिवशी चिंतामणीच्या दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या बाया फलाटावर उभ्या राहून इंजिनाला हात लावत होत्या. पंधरा वर्षांनी आलेली वस्तू माणूस हात लावूनच पाहतो. पण म्हणून पुण्याच्या पोरीचा सव्वा तास कमी होत नाही. दोन्ही दुखणी एकाच जातीची आहेत असं मला वाटतं.

बुटीबोरी_अपडाऊन | रात्री १०:२२

पऱ्हाटीकाका, मी बुटीबोरीजवळच्या खेड्यातला. नागपूरला रोज जाणं-येणं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून सांगतो.

नागपूरचा पहिला टप्पा आम्हाला पावला. ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन, मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी चालू. पूर्ण टप्पा व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं हे खरं, पण आम्हाला २०१९ पासूनच उपयोग झाला. खापरीला गाडी लावायची, वर चढायचं, बर्डीला उतरायचं. वर्धा रोडवर खांबांचं काम चालू होतं ती वर्षं मी एसटीत उभा राहून काढली आहेत. चिंचभवनपासून अजनीपर्यंत बस मुंगीसारखी सरकायची. कंडक्टर म्हणायचा, "ज्यांना घाई आहे त्यांनी उतरून चाला." आणि माणसं खरंच उतरून चालायची.

आता दुसरा टप्पा. मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी साडेअठरा किलोमीटर, कन्हानकडे एक फाटा, हिंगण्याला एक, ट्रान्सपोर्ट नगरला एक. एकूण ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी. राज्य सरकारने २०१९ च्या सुरुवातीला होकार दिला. केंद्राचा होकार आला ७ डिसेंबर २०२२ ला. जवळजवळ चार वर्षं नुसता कागद फिरला. उशीर म्हटला की लोकांना क्रेन आणि खड्डे दिसतात. पहिली कुदळ पडायच्या आधी गेलेली चार वर्षं कोणाच्याच हिशोबात धरलेली नसतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चोरी तिथे होते, वेळेची.

सुबाभूळ (पुसद) | रात्री १०:४१

मला हा धागाच पटला नाही. शहरातली माणसं तीन वर्षं उशीर झाला की रस्त्यावर येतात, टीव्हीवर येतात. आमच्या पुसदच्या माणसाला नांदेड गाठायला रेल्वे मिळेल असं ऐकत दोन पिढ्या शहाण्या झाल्या. पुण्याच्या एका लाईनीला ८,३१३ कोटी, आणि आपल्याकडे तालुक्याच्या रस्त्यावर डांबर टाकायला पैसे नाहीत. त्यांच्या उशिरासाठी मी का रडू?

उमरेडची_ताई | रात्री ११:०३

सुबाभूळ दादा, राग समजते. पण शहराचं काम शहरातच संपत नाही, ते आमच्या दारापर्यंत येते.

आमची नागपूर–नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केली. मोठी लाईन करायची म्हणून. १०६ किलोमीटर. चांगली गोष्ट, आम्ही आनंदाने निरोप दिला. उमरेडच्या स्टेशनावर इंजिनाला हार घातले, नारळ फोडले. मला वाटलं दोन वर्षांचा प्रश्न आहे. पाच वर्षं तर नुसती एसटीतच गेली.

मी तेव्हा भाजी घेऊन इतवारीला जायची. पहाटेच्या गाडीत आम्ही भिवापूर, उमरेड, कुहीकडच्या पंधरा-वीस बाया असायचो. टोपल्या डब्याच्या दारात रचायच्या आणि मधल्या जागेत बसून वाल सोलत जायचं. नागपूर येईपर्यंत वाल सोललेले, म्हणजे त्याला दोन पैसे जास्त. गाडी बंद झाली तशा त्या वीस बाया तुटल्या. एसटीत टोपलीचं वेगळं भाडं, आणि वाल सोलायला मांडी घालायची जागा कुठे? दोघी-तिघी टेम्पोत वर्गणी करून गेल्या काही दिवस. बाकीच्यांनी धंदा सोडला. मी आता गावातच बसते, व्यापारी देईल तो भाव घेते.

गाडी उद्या आली तरी त्या वीसजणी परत येणार नाहीत. हा तोटा कोणत्या खात्यात लिहिला आहे ते मला दाखवा.

वऱ्हाडी_मिरची | रात्री ११:१०

ताई, वाल सोलायचं वाचून माही आजी आठवली. आमच्या शकुंतला रेल्वेत असंच असे. 🙏

मूर्तिजापूर_जंक्शन | रात्री ११:२६

शकुंतलेचं नाव निघालं म्हणजे मला लिहावंच लागेल. यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिकडे अचलपूर. इंग्रजांच्या कंपनीने कापूस न्यायला बांधलेली. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मँचेस्टरला बनलेलं १९२१ चं इंजिन. माझे वडील सांगत, लाखपुरीच्या पुढे गाडी इतकी हळू व्हायची की माणूस उतरून, बोरं तोडून परत चढायचा. कापसाच्या गाठींसाठी शंभर वर्षांपूर्वी रूळ टाकले गेले, आणि माणसांसाठी ते रुंद करायचे तर आम्ही निवेदनं देऊन थकलो. अचलपूरच्या लोकांनी तर त्यासाठी रस्त्यावर बसून पाहिलं.

बुटीबोरी_अपडाऊन | रात्री ११:३१

जंक्शनकाका, शकुंतलेवर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो. इथे काकांचा प्रश्न राहून जाईल.

जुना_ओव्हरसियर (वर्धा) | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

रात्री वाचलं, झोप आली नाही. बांधकामात चौतीस वर्षं काढली. रस्ते, पूल, थोडं रेल्वेच्या पुलाचंही. त्यामुळे उशीर कुठे होतो हे जवळून पाहिलं आहे. थोडं सविस्तर लिहितो.

खांब उभा करणं हे या कामातलं सोपं काम आहे. अवघड आहे ते जमिनीखालचं. शहरात रस्ता खोदला की पाण्याची लाईन, गटार, वीज, टेलिफोन, गॅस असं काय काय निघतं. जुन्या पाइपांचे नकाशे कुठल्याच कचेरीत धड नसतात. जुन्या फिटरला घरून बोलावून आणावं लागतं, तो काठी टेकवून सांगतो, "इथून गेली आहे बघा." हा विनोद नाही, मी स्वतः आणला आहे. एक पाइप हलवायचा तर महापालिकेची परवानगी, केबल हलवायची तर वीज कंपनीची. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, भरणा वेगळा.

दुसरं, जागा. सत्तर टक्के जागा हातात आली की कामाचा आदेश निघतो आणि उरलेल्या तीसमध्ये काम फसतं. ती तीस टक्के सलग नसते. पाच खांब झाले, सहाव्याला कोर्टाची स्थगिती, पुन्हा दहा झाले. पूल काही असा तुकड्यातुकड्याने चालू करता येत नाही.

तिसरं, चालत्या रेल्वेवरून जायचं असेल तर ब्लॉक. नागपूरला गड्डीगोदामला जाऊन पाहा. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. १,६५० टनांचा पोलादी गर्डर आहे तिथे. असं काम गाड्या थांबवलेल्या तासांतच करावं लागतं.

खापरीचा भाग लवकर का झाला तेही सांगतो. मिहान-विमानतळाकडे काही किलोमीटर मेट्रो जमिनीवरूनच जाते, जागा मोकळी होती. जागा मोकळी, तर काम मोकळं.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण यातलं एकही कारण भूमिपूजनाच्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला माहीत असायचं. वर कळवलेलं असायचं. तरी फलकावर तारीख आधी ठरायची आणि काम त्या तारखेच्या मागे धावायचं. सेवेत असताना हे मी बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

पऱ्हाटी | सकाळी ७:१५

ओव्हरसियर साहेब, मनापासून आभार. एवढं स्पष्ट कोणीच सांगत नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, मेट्रोच्या आराखड्यात बसत नव्हते म्हणून. नव्या पुलाचा एक भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. मधली पाच वर्षं त्या चौकात माणसं उभी होती. पाडायला काही रात्री पुरल्या.

समुद्रकाठी_वऱ्हाडी (मूळ दर्यापूर, आता मुंबई) | सकाळी ८:०२

मुंबईचं सांगतो. भुयारी मेट्रो ३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. आरेत कारशेड, मग कांजूरमार्ग, मग कोर्ट, मग पुन्हा आरे. या येण्याजाण्यात वर्षं गेली. झाडं २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात कापली गेली ती गेलीच. कफ परेडपर्यंत गाडी आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. आता मी रोज त्याच गाडीने जातो आणि सुख आहे, ते नाकारणार नाही. पण वाढलेल्या चौदा हजार कोटींत आपल्या दर्यापूर तालुक्याचं काय काय झालं असतं, हे आकडे पाहताना डोक्यातून जात नाही.

सुबाभूळ | सकाळी ८:२०

हेच म्हणत होतो मी. पण दुसरी बाजूही पाहा. याच मेट्रो ३ चं आचार्य अत्रे चौक स्टेशन ९ मे २०२५ ला उघडलं आणि २६ मेच्या पावसात त्यात पाणी शिरलं. उद्या आपण सगळे "लवकर करा" म्हणून ओरडलो तर अर्धवट कामं उघडतील. मला उशीर चालेल, पाण्यात उभं राहणं चालणार नाही.

बुटीबोरी_अपडाऊन | सकाळी ८:३३

इथे तुमच्याशी पूर्ण सहमत, सुबाभूळ दादा.

धानाची_पेंढी (पवनी, जि. भंडारा) | दुपारी १:१५

धान कापणी चालू आहे, बांधावर बसून लिहितो. चुका माफ करा.

मी दोन वर्षं मेट्रोच्या कामावर होतो. कोणत्या शहरात ते सांगत नाही, ठेकेदाराचं नावही नाही. आमच्या गावातले सातजण होतो. कास्टिंग यार्डात काम. यार्ड म्हणजे शहराबाहेर मोठं मैदान, तिथं पुलाचे तुकडे ओततात. त्याला सेगमेंट म्हणतात. लोखंडाची जाळी बांधायची, साच्यात उतरवायची, मग काँक्रीट, मग पाणी मारायचं. तुकडा तयार झाला की ट्रेलरवर चढतो, रात्री शहरात जातो आणि वरच्या मशीनने एकाला एक जोडतात.

लोक बोलतात की काम रखडलं, मजूर आळशी. आम्ही कधी आळस केला नाही. काम थांबलं ते कधी नकाशा बदलला म्हणून, कधी बिल निघालं नाही म्हणून. एकदा पाच आठवडे यार्ड बंद होतं. तेव्हा आम्हाला जेवणापुरती खोराकी मिळाली, हजेरीचे पैसे नाही. घरून पैसे मागवले आम्ही. मेट्रोच्या मजुराने गावाकडून पैसे मागवले, विश्वास बसेल का?

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळं. प्रत्येक सेगमेंटवर रंगाने नंबर लिहितात आणि ओतल्याची तारीख टाकतात. कोणत्या खांबावर, कितवा, कोणत्या दिवशी ओतला, सगळं. मी स्वतः ब्रश घेऊन हजारभर तारखा लिहिल्या असतील. यार्डात तुकड्यांच्या रांगा लागलेल्या असत. मधून चालत गेलं की कळायचं, हा तुकडा मार्चचा, हा जुलैचा, आणि इथे मध्येच तीन महिने कोणताच तुकडा नाही. म्हणजे काम कधी थांबलं हे त्या दगडावर लिहिलेलं असते. तारीख सगळ्यांजवळ असते. फक्त लोकांजवळ नसते.

उमरेडची_ताई | दुपारी १:४०

पेंढीभाऊ, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्या हाताने लिहिलेल्या तारखा.

मोहफूल (गडचिरोली) | दुपारी २:०५

आमची वडसा–गडचिरोली ५२ किलोमीटर. जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही म्हणजे काय असते हे पेशंट घेऊन नागपूरला निघाल्यावर कळते. एवढंच लिहितो. पेंढीभाऊ, पवनीचे आहात म्हणजे गोसीखुर्द धरणाचं कामही पाहत असाल.

धानाची_पेंढी | दुपारी २:२०

हो मोहफूलभाऊ. २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी. माझा जन्म त्यानंतरचा आहे. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. आमच्याकडे "गोसीखुर्दसारखं" म्हणजे न संपणारं, असा शब्दच झाला आहे. बायको म्हणते, तुमचं जेवण गोसीखुर्दसारखं चालते 😄

वऱ्हाडी_मिरची | दुपारी २:२४

वहिनीले माहा नमस्कार सांगजा 😄

चावडी (निवृत्त तलाठी, राळेगाव) | सायंकाळी ६:३०

मुलांनो, सगळा धागा वाचला. पऱ्हाटी यांनी विचारलं होतं जाब कसा विचारायचा. त्यावर अजून कोणी आलं नाही, म्हणून मी येते.

माझ्या नोकरीत चावडी वाचन असायचं. गावाला दवंडी द्यायची, लोक जमायचे आणि मी सात-बारा मोठ्याने वाचायची. गट नंबर अमुक, खातेदार अमुक, क्षेत्र इतकं, बोजा इतका. वाचता वाचता कोणी उठून म्हणायचं, "थांबा बाई, माझा भाऊ वारून चार वर्षं झाली, त्याचं नाव अजून कसं?" तिथल्या तिथे टिपण व्हायचं. पुष्कळ चुका कागद तपासून निघत नाहीत, त्या मोठ्याने वाचल्यावर निघतात. कारण ज्याचं दुखतं तो समोर बसलेला असतो. आणि वाचणाऱ्यालाही लाज असते हो. चार वर्षं जुनं मयताचं नाव गावासमोर वाचताना माझीच जीभ अडखळायची. दुसऱ्या दिवशी फेरफार करायला मीच आधी बसायची.

रोजगार हमीच्या कामाचंही तसंच. कायद्यात सामाजिक अंकेक्षण आहे, ग्रामसभेत हजेरीपट वाचायचा असतो. तीन लाखांच्या शेततळ्याचा हिशोब ग्रामसभेत वाचला जावा असा कायदा आहे. मग आठ हजार कोटींच्या मेट्रोचा हिशोब वॉर्डात उभं राहून का वाचू नये? दर तीन महिन्यांनी. जागा किती आली, किती राहिली, कोणाकडून राहिली. कोणती परवानगी कोणत्या तारखेला मागितली आणि ती कोणत्या टेबलावर आहे. मुदत कितव्यांदा वाढली, वाढ कोणी दिली, दंड लावला की माफ केला. पेंढीच्या सेगमेंटवर जशी तारीख असते तशी प्रत्येक कागदावर असतेच. ती वाचायची, एवढंच.

वर्धा–नांदेडचंही तेच व्हावं. दारव्ह्याला, पुसदला, उमरखेडला वाचावं. उमरेडला वाचावं. म्हणजे सुबाभूळ यांनाही कळेल की पुणेकर आणि पुसदकर एकाच ओळीत बसले आहेत.

सुबाभूळ | सायंकाळी ६:५५

बाई, काल रात्रीचे माझे शब्द मागे घेतो. पुसदला वाचन होणार असेल तर सतरंजी मी टाकतो.

जुना_ओव्हरसियर | सायंकाळी ७:१०

चावडीबाई, मी सेवेत असताना असं वाचन असतं तर मला बळ मिळालं असतं. वर कळवलेलं पत्र लोकांसमोर वाचलं गेलं असतं, तर ते दाबता आलं नसतं. एक भर घालतो. "काम ८० टक्के पूर्ण" असलं वाचू देऊ नका. टक्का फसवा असतो. खांब झाले की टक्का भराभर वाढतो आणि शेवटच्या वीसात सिग्नल, वीज, चाचणी, मेट्रो रेल सुरक्षा आयुक्तांची तपासणी असं खरं वेळखाऊ काम उरतं. टक्का वाचला की विचारायचं, राहिलेल्या कामांची नावं सांगा.

बुटीबोरी_अपडाऊन | सायंकाळी ७:३२

पण बाई, हे घडवून कोण आणेल? सरकार आपणहून वाचायला थोडीच येणार आहे. एक उलट उदाहरण मात्र आहे. समृद्धी महामार्ग आपल्याच वावरांतून गेला, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२, शेवटचा इगतपुरी ते आमणे जून २०२५. त्यालाही उशीर झाला, पण तुकडा तयार झाला की उघडला. म्हणजे मनावर घेतलं तर यंत्रणेला जमतं.

जुना_ओव्हरसियर | सायंकाळी ७:४५

मोकळ्या वावरातला रस्ता आणि भर वस्तीतली मेट्रो यांची तुलना करू नका. तरी मुद्दा मान्य आहे, तुकड्याने उघडण्याचा.

चावडी | सायंकाळी ८:०५

कोण आणेल? आपण. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. कलम ४ म्हणतं, अशी माहिती कार्यालयाने न मागता जाहीर करायची. केली नाही तर दहा रुपयांत मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की ते घरात ठेवायचं नाही. पुण्यात सोसायटीच्या खाली वाचायचं, गावात पारावर वाचायचं. सरकारने वाचन सुरू करेपर्यंत आपणच वाचायला काय हरकत आहे? अर्जात "उशीर का झाला" असं विचारू नका. "का" ला उत्तर देत नाहीत. मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती मागा. कागद मागितला तर कागद मिळतो.

वऱ्हाडी_मिरची | रात्री ८:१६

बाई, दारव्ह्याचा अर्ज मी लिवतो. पहिल्यांदाच लिवून रायलो, तुमी एकडाव तपासून द्यान काय?

चावडी | रात्री ८:२०

दे पाठवून बाळा. इथेच टाक, सगळ्यांनाच नमुना होईल.

पऱ्हाटी | रात्री ९:५०

मंडळी, दिवसभर वेचणीत होतो, आत्ता सगळं एका दमात वाचलं. लेकीला फोन लावून चावडीबाईंचा आणि पेंढीभाऊंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, बाबा, मी रोज त्या पुलाखालून जाते, तुकड्यांवर लिहिलेले आकडे दिसतात, मला वाटायचं नुसते नंबर आहेत.

अर्ज ती लिहिणार आहे. चार मुद्दे ठरवले: मुदतवाढीच्या सर्व आदेशांच्या प्रती, जागा ताब्यात आल्याच्या तारखांची यादी, प्रलंबित परवानग्यांची यादी, आणि दंडाबाबतचा पत्रव्यवहार. तिच्या इमारतीतल्या आणखी सहाजणी सही करतो म्हणाल्या होत्या, पण अर्ज एकाच्याच नावाने करावा असं वाचलं, म्हणून प्रत्येक जण वेगळा करेल. मी इथून वर्धा–यवतमाळ–नांदेडचा करतो, कळंब ते यवतमाळ या तुकड्यापुरता. मिरचीभाऊ यवतमाळ ते दारव्हा. सुबाभूळ, पुसदचा तुम्ही घ्याल का? उमरेडच्या ताई, तुमचा अर्ज लिहायला कोणी नसेल तर मला मजकूर सांगा, मी लिहून पाठवतो. वीस बायांचं त्यात बसवता येईल का ते चावडीबाईंना विचारून पाहू.

सोमवारी कळंबच्या पोस्टात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घेतो.

उमरेडची_ताई | रात्री १०:०२

लिहा भाऊ. त्या वीसजणींची नावं मला अजून पाठ आहेत.